दुरुस्त केलेला मिक्सर

बंद पडलेली वस्तू मेकॅनिकच्या टेबलावर आली की लाजून सुरू होते, असं त्याची गिऱ्हाइकं म्हणायची. रेडिओ, टेप, अॅम्प्लिफायर, काहीही असो. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या घरातली खरखर काढली आणि त्याच्याच पोटची पोरगी खरखर वाजवून दाखवायला निघाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"याला गाणं म्हणायचं?" त्याने एकदा विचारलं होतं.

"गाणं नाही बाबा, नॉइज."

"तेवढं मलाही कळलं."

पण विषय निघाला की पोरगी थांबायची नाही. कारखान्यातल्या प्रेस मशीनचा ठोका घ्यायचा, त्याला नाचाच्या क्लबातला वेग द्यायचा आणि फाटेस्तोवर चढवायचा, हा एक प्रकार. दुसऱ्यात ताल नाहीच, आवाजाची नुसती सलग भिंत. तिसऱ्यात टेपचे तुकडे कापून उलटसुलट जोडायचे. ती स्वतः ठोक्यावाली. तिचा जोडीदार लांब्या भिंतवाला. दोघं एकत्र वाजवायची म्हणजे ठोक्याने विचारायचं आणि भिंतीने उत्तर द्यायचं. वाजवून झाल्यावरही भांडण चालूच.

"आणि ही विद्या शिकलात कुणाकडे?"

"लांब्या वडिलांच्या छापखान्यात वाढला. मी तुमच्या टेबलाखाली."

हे कौतुक की टोमणा, ते मेकॅनिकला कळेना. त्याने उगाच चष्मा पुसला.

लांब्याकडे एक मिक्सर होता. स्वयंपाकघरातला नव्हे, वेगवेगळे आवाज एकत्र करायची, बटणांची पेटी. त्याने ती स्वतः जोडलेली. बाहेर जाणारी वायर तो पुन्हा आत खोचायचा, म्हणजे पेटी स्वतःचाच आवाज ऐकून गुरगुरायला लागायची. तिसरं बटण अर्ध्यावर आणलं की ती अडखळायची, उचक्या द्यायची, मध्येच किंचाळायची. दोन वेळा सारखं कधीच नाही.

दोन महिन्यांपूर्वी लांब्या गेला. ताप डोक्यात चढला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. तेव्हापासून पोरगी जेवायला हाक मारली की यायची, दोन घास खायची आणि उठायची. तिची आई म्हणायची, "तुम्ही बोला तिच्याशी." मेकॅनिकला बोलता येत असतं तर तो मेकॅनिक कशाला झाला असता?

मित्रांनी रविवारी लांब्याच्या आठवणीत कार्यक्रम ठेवला. पोरगी वाजवणार होती, आणि त्याच्या जागेवरून त्याची पेटीही तीच चालवणार होती. पेटी घरी आणून ठेवून ती मंगळवारी लांब्याच्या आईवडिलांकडे दोन दिवस राहायला गेली.

मेकॅनिकने सहज म्हणून पेटी सुरू केली. काय ती खरखर! उघडून पाहिली तर तारा जोडणारे सोल्डरचे डाग कच्चे दिलेले, एक कपॅसिटर फुगलेला, तिसरं बटण आतून झिजलेलं. पोरीचं मन आधीच दुःखाने भरलेलं, त्यात चारचौघांत हे बंद पडलं तर? त्याने सगळे डाग काढून नवे दिले, भाग बदलले, स्पिरिटने आतून पुसून काढलं. इतकं मन लावून त्याने कुणाचंच काम केलं नव्हतं.

गुरुवारी ती आली. वायर खोचून तिने तिसरं बटण अर्ध्यावर नेलं. काही नाही. पूर्ण फिरवलं, तेव्हा एक सरळ, स्वच्छ शिट्टी आली.

"बाबा, हा उघडला होता?"

"नीट केला. आता खरखर औषधालासुद्धा सापडायची नाही."

ती खाली बसली. बटण पुन्हा पुन्हा मागेपुढे फिरवत राहिली.

"तुमची रेकॉर्डिंग असतील ना?" त्याने चाचरत विचारलं.

"आहेत. त्यात तो वाजवून गेला तेवढंच आहे. हा मिक्सर अजून नवीन बोलायचा."

मेकॅनिकने जुने भाग कचऱ्यातून शोधून परत बसवले. पण ते कच्चे डाग लांब्याच्या हातचे होते. मेकॅनिक आता मुद्दाम हात हलवून डाग द्यायचा, सोल्डरिंगची इस्त्री पुरती तापू द्यायचा नाही. पेटी गुरगुरायची, पण कुठल्याही बिघडलेल्या रेडिओसारखी. पोरगी दारातूनच म्हणायची, "हा नाही." शनिवारी दुपारी ती जवळ येऊन म्हणाली, "राहू द्या बाबा. तुम्हाला बिघडवता येत नाही." त्यात टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं.

रविवारी तो हॉलमध्ये मागे बसला. लांब्याचं टेबल रिकामं होतं. पोरीने फक्त आपला अर्धा भाग वाजवला. प्रेसचा ठोका चढत गेला, फाटला आणि एकदम थांबला. काहीतरी बंद पडलं म्हणून मेकॅनिक सवयीने अर्धवट उठला. मग ठोका पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. तेव्हा त्याला उमगलं, ती उत्तरासाठी जागा सोडत होती. त्या जागा लहानमोठ्या होत्या. लांब्या कुठे शिरायचा, कुठे हट्टाला पेटायचा, हे मेकॅनिकला आता ऐकू येऊ लागलं. लांब्या असताना मेकॅनिकने एकदाही नीट ऐकलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर ती वायरी गुंडाळत होती. मेकॅनिकने एक वायर उचलली.

"शेवटून दुसऱ्या वेळी फार थांबलीस गं."

"तिथे तो थांबायचाच नाही. मला हात दाखवून बंद करायला लागायचं," ती म्हणाली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा हमसून रडली.

मेकॅनिक वायर हातात धरून उभा राहिला. इथे काय करायचं असतं, ते त्याला ठाऊक नव्हतं.