आतोबांचं खाजण

म्हशी सोडल्या तर चिखलावर आमच्या आतोबांइतकं प्रेम करणारं पनवेलमध्ये दुसरं कोणी नव्हतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सगळी नोकरी त्यांनी खाडीत भराव टाकून प्लॉट पाडण्यात घालवली आणि नव्वद सालच्या आसपास निवृत्त झाल्यावर ते सरळ विरुद्ध पक्षात गेले. त्यांच्या कॉलनीमागे एक खाजण, म्हणजे खाडीचं पाणी आत येणारी दलदल होती. रस्ता बांधताना त्याच्या तोंडाशी भराव पडला, भरतीचं पाणी बंद झालं आणि तिवरं वाळून नुसता भेगाळलेला उकिरडा उरला. तिथे खाडी परत आणणार असल्याचं आतोबांनी एका सकाळी चहा पिताना जाहीर केलं. “येताना दूध आणा,” आत्या म्हणाली.

तेव्हापासून ते बँकेतही गमबूट घालून जाऊ लागले. उरणला माझ्या चुलतभावाच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत ते दिसेनासे झाले, ते पंगतीच्या वेळी उगवले. झब्बा चिखलाने माखलेला आणि मानाची टोपी तिवराच्या बियांनी भरलेली. “मुहूर्त आणि ओहोटी एकदम आली,” ते मुलीच्या वडिलांना म्हणाले, “माणसाने करायचं काय?”

कॉलनीला त्या जागेवर गाड्या लावायच्या होत्या. सभेत सेक्रेटरी म्हणाले, “डास होतील.”

“ते साचलेल्या पाण्यात होतात. हे पाणी वाहतं राहील.”

“आणि साप?”

“साप येतील,” आतोबा म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे.

मग ते आपल्या जुन्या ऑफिसात रोज जाऊन बसू लागले. शेवटी, ते घरी जावेत म्हणून, साहेबांनी रस्त्याखालून पाइप टाकायला परवानगी दिली. पौर्णिमेची भरती खाजणात शिरली आणि तशीच पुढे सेक्रेटरींच्या स्कूटरपर्यंत गेली. उतार चुकल्याचं आतोबांनी मान्य केलं आणि पुढचे कित्येक महिने ते मजुरांबरोबर चर खणत राहिले. हळूहळू तिवरं रुजली. एकदा मासे विकणारी कोळीण त्यांना म्हणाली, “काका, चिखलात निवट्या आल्या हायेत. धरू का?”

“पुढच्या वर्षी धर. आधी त्यांना संसार मांडू दे.”

पुढच्या वर्षापर्यंत आतोबा राहिले नाहीत.

आत्या कधी तिकडे फिरकली नव्हती. तेरावं झाल्यावर मी तिला खाजणाच्या बांधावर नेलं. भरती चढत होती, तिवरांत बगळे बसले होते.

“हे सगळं कोरडं होतं ना रे?”

“हो.”

बऱ्याच वेळाने मी निघूया म्हणालो.

“थांब जरा,” ती म्हणाली. “पाणी परत जाताना बघू दे.”