आठ महिन्यांचं पाणी

पाळकांनी पाण्यावर सहाशे बारा पानांचं पुस्तक लिहिलं होतं. अकरा वर्षं लागली. बाप्तिस्म्याचं पाणी म्हणजे काय, त्यात माणूस का बुडवायचा, बुडताना त्याच्यातलं काय मरतं आणि वर येताना काय जगतं, सगळं होतं त्यात. पुस्तक शेवटपर्यंत वाचलेली माणसं, पाळकबाईंच्या मते, चार. त्यातला एक मुद्रितशोधक. हौद रिकामा कसा करायचा, ते मात्र त्यात कुठे नव्हतं.

टायरचं दुकान आणि छापखाना यांच्या मधे चर्च चेपून बसलेलं. वरच्या दोन खोल्यांत पाळक आणि पाळकबाई राहत. सकाळी पाळक धर्मविद्यालयात शिकवत, दुपारी दवाखान्यांतून आजाऱ्यांना भेटत, संध्याकाळी कुणाचं मयत, कुणाचं भांडण. चोवीस वर्षांत एक दिवस खाडा नाही. माणूस कामचुकार नव्हता. पण काम सगळं तोंडाचं. त्यांचे वडील गवंडी होते. मुलाचे मऊ तळवे एकदा हातात घेऊन ते म्हणाले होते, "बरं झालं," आणि तोंड फिरवलं होतं.

खाली प्रार्थनेच्या खोलीत व्यासपीठ. त्यावर गालिचा, गालिच्याखाली फळ्या, फळ्यांखाली छातीएवढा खोल, फरशी बसवलेला हौद. अधूनमधून फळ्या निघत आणि मंडळीत नव्याने येणारी माणसं पांढरे झगे घालून एकामागून एक पाण्यात उतरत. हौद भरणं, सोडणं, घासणं हे देखरेखीवरच्या मामांचं काम. मागच्या बाप्तिस्म्याच्या दुसऱ्याच दिवशी मामा लेकीकडे राहायला गेले, कायमचे. फळ्या कुणीतरी लावल्या. पाणी सोडलं का, हे कुणी विचारलं नाही. मामा होते तेव्हाही कुणी विचारत नव्हतं.

तीन महिन्यांनी वास सुटला. मंडळीने टायरवाल्याला तक्रारीचं पत्र लिहिलं. पाळकांनी त्यातली भाषा सुधारून सही केली.

"रबराला असला वास येतो होय?" टायरवाला म्हणाला. "तुमच्यातच कुणीतरी मेलंय, बघा."

मग व्यासपीठावरची फुलं वाढवली.

या खेपेला बाप्तिस्म्याला चौघं होती. त्यातला एक ड्रेनेजवाला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, रस्त्यावरच्या चेंबरमध्ये उतरून तुंबलेलं काढणारा. बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वर्गाला सगळ्यात आधी यायचा आणि सगळ्यात मागे बसायचा. दुसरी एक होती दातांच्या डॉक्टरांची पुतणी. हे डॉक्टर मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक. त्यांनी पाळकांना जिन्यात गाठलं.

"पाळकसाहेब, एक विनंती. त्या ड्रेनेजवाल्याला शेवटी घ्या."

"का?"

"पाणी एकच ना! त्याच्यामागून आमची मुलगी उतरायची म्हणजे... तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही समजदार आहात."

पाळकांना शिसारी आली. दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालणारा हा माणूस! पुस्तकाचं सातवं प्रकरण याच गोष्टीवर होतं. या पाण्यात पहिला कुणी नाही आणि शेवटचा कुणी नाही. ऐंशी पानं. तोंडातून मात्र एकच शब्द निघाला.

"बघू."

जेवताना त्यांनी पाळकबाईंना सांगितलं.

"बघू म्हणजे काय हो?" बाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून बघताय. चष्मा तीनदा बदलला."

"अगं, मंडळी फुटेल."

"फुटू दे. नाहीतर ते सातवं प्रकरण तरी फाडा. कपाटात जागा होईल."

पाळकांनी ताट पुढे ओढलं. जेवणाची चव लागली नाही.

बाप्तिस्मा रविवारी. शनिवारी सकाळी हौद भरायचा म्हणून पाळक, डॉक्टर आणि आणखी दोन पंच जमले. गालिचा गुंडाळला. पहिली फळी उचलली आणि चौघंही मागे सरले. एक पंच भिंत धरून ओकला. आत कमरेएवढं हिरवट काळं पाणी, वर साय धरल्यासारखा तवंग, आणि तवंगावर फुगलेला उंदीर.

हे त्यांचंच पाणी होतं. आठ महिन्यांपूर्वी पाळकांनी यातच उभं राहून आशीर्वाद दिला होता. त्यावर चौतीस रविवार उपदेश केला होता, फुलांच्या आड उभं राहून.

तेवढ्यात ड्रेनेजवाला आला. झगा मापाचा आहे का, ते बघायला बोलावलं होतं त्याला.

"अरे, बरा आलास," डॉक्टर रुमालातून बोलले. "तुझंच काम आहे हे."

ड्रेनेजवाल्याने हौदाकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. बाह्या दुमडायला लागला. पुतणीच्या आधी त्याला पाण्यात नको म्हणणारा माणूस त्याला त्याच हौदात उतरवत होता. पाळक दोघांच्या मधे येऊन उभे राहिले.

"तुम्ही थांबा," पाळक म्हणाले. "मी उतरतो."

"तुम्ही?" डॉक्टर हसले. "पाळकसाहेब, कशाला?"

"पाणी मी सोडलं नाही."

पंचांना एकेक काम आठवलं. डॉक्टरांनीही काढता पाय घेतला. ड्रेनेजवाला गेला नाही.

"वाकू नका," तो म्हणाला. "सगळ्या फळ्या काढा, दारं-खिडक्या उघडा. तासभर हवा खेळू दे. घाईने उतरलेले दोघं मी वर काढलेत. मेलेले."

तासाभराने पाळक जुन्या पँटीत उतरले. ड्रेनेजवाला काठावर उकिडवा बसला. बूच तळाच्या कोपऱ्यात. खांद्यापर्यंत हात घातला तेव्हा हनुवटी तवंगाला लागली. पाळक दोनदा ओकले.

"पाण्यात नको, बादलीत ओका," वरून आवाज आला. "काम वाढतंय."

बूच निघालं, पाणी हललं नाही. सळई घालून ढोसलं तेव्हा केसांचा गुंता वर आला. त्यात केसांचे आकडे, बटणं, झग्याचा बंद.

"तुमच्या रस्त्याखाली याहून बरं असतं," ड्रेनेजवाला म्हणाला. "ते वाहतं तरी."

पाणी गेलं. तळाला चार बोटं गाळ उरला. तो घमेल्यात भरायचा, पायऱ्या चढून वर आणायचा. मग खराटा.

"हे पुसणं झालं. घासा. जोर कमरेतून लावा, मनगटातून नाही."

पाळकांचे तळवे फुटले. ते थांबले आणि म्हणाले, "तुम्हाला रोज हेच..."

"हो. आणि तुम्ही एक दिवस केलंत म्हणून मला भरून वगैरे येणार नाही. हात चालवा."

थोड्या वेळाने तोच पुन्हा बोलला. "वर्गाच्या पहिल्या दिवशी तुम्ही सगळ्यांशी हात मिळवलात. माझ्यानंतर रुमाल काढलात."

खराटा थांबला. पाळकांना आठवत नव्हतं. आठवत नव्हतं, याचीच त्यांना सगळ्यात जास्त किळस आली.

"दिसलं तुम्हाला?"

"आम्हाला तेच आधी दिसतं."

"तरी आलात?"

"तुमच्यासाठी नाही आलो."

चार वाजता हौदाची पांढरी फरशी दिसली. पाळकबाईंनी नवऱ्याला जिन्यातच अडवून दोन बादल्या अंगावर ओतल्या. "पहिल्यांदा काहीतरी करून आलात," म्हणाल्या आणि नाक धरून हसल्या.

रविवारी दाराजवळच्या काळ्या फळ्यावर पाळकांनी नावं लिहिली. पहिलं ड्रेनेजवाल्याचं.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले.

"क्रम."

"मग आमची मुलगी उतरणार नाही. विचार करा."

जुना शब्द पाळकांच्या ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला.

"नको उतरू दे."

डॉक्टरांचं घर उठलं. त्यांच्यामागून आणखी दोन बाकं रिकामी झाली. पुतणी दारापर्यंत वळून वळून बघत होती. काकांनी कोपर धरलं होतं. जाणाऱ्यांमध्ये दोघांची लग्नं पाळकांनीच लावली होती. एकाच्या आईजवळ ते दवाखान्यात नऊ दिवस बसले होते. कुणी मान वर केली नाही. पाळकांना वाईट वाटायला हवं होतं. त्यांना नुसती शिसारी येत होती.

ते पाण्यात उतरले. ड्रेनेजवाला वरच्या पायरीवर आला, पण उतरला नाही. वाकून पलीकडे बघत राहिला.

"तो कोपरा राहिला," तो हळूच म्हणाला.

पाळकांनी बघितलं. दोन फरश्यांच्या सांध्यात हिरवी रेघ होती.

"राहिला," ते म्हणाले.

"पुढच्या खेपेला आधी तोच घ्या."

मग तो उतरला. पाळकांनी फुटलेला तळवा त्याच्या मानेखाली धरला, त्याला पुरता पाण्याखाली नेला आणि वर आणला. त्याने तोंडावरचं पाणी निपटलं. आधाराला पुढे केलेला पाळकांचा हात धरला आणि नाकाशी नेला.

"साबणाने जात नाही हा वास," तो म्हणाला. "चार दिवस राहतो."

तो पायऱ्या चढून गेला. उरलेले दोघं काठावर उभे होते, पाण्याकडे बघत.

"पुढचे या," पाळक म्हणाले.