खोक्यातला गार कोपरा

गांगवॉनच्या डोंगरात पिल्लं जगवावीत तर बोंग्रेआजीनंच! तिच्या खोक्यातलं एकही पिल्लू आजवर थंडीनं दगावलं नव्हतं. यंदा रानमांजरानं कोंबडी मारली आणि तिची कालच अंड्यातून निघालेली पिल्लं आजीच्या पदरात पडली. तिनं खोक्यात बल्ब लावला, तर पिल्लं त्याच्याकडे पाठ फिरवून गार कोपऱ्यात दाटीवाटीनं बसली.

"आजी, गारठून मरतील हो!" शेजारची मालसून म्हणाली.

"मरतात कशी! माझं नाव घालवायलाच जन्मलीत मेली."

त्यांना उचलायला आजीनं कोपऱ्यात हात घातला. तिथं अंगाची ऊब होती, पिसांचा मऊपणा होता. तेवढ्यात मनगटावर कचकन चोच बसली, चांगली थोराड कोंबडीची; कोपऱ्यात मात्र पिल्लांशिवाय काहीच दिसत नव्हतं.

मालसून दाराबाहेर पळाली. आजीनं रक्त पुसलं.

"बरं बाई, तुझी तू सांभाळ," म्हणत तिनं बल्ब बंद केला.