दुसऱ्याची शिशी

त्या सांजेले आम्ही दोघं अंगणात खाटेवर बसून मटाराच्या शेंगा सोलत होतो. मी सोलायचं कमी, दाणे तोंडात टाकायचं जास्त करत होतो. बायको म्हणाली, "अवो, गंजात बी टाका काही. भाजी काय टरफलाची करू?" पहाटे उठवायले गेलो तर तिचं अंग गार पडलं होतं.

मी भिलाईच्या प्लांटात कोक ओव्हनवर होतो. तवा मध्यप्रदेश होता. लग्नाले सहा वर्षं झाली तरी लेकरू नाही, तर माझ्या मायनं ठरवलं, खोट सुनेत. माय अंगठेबहाद्दर. पण डॉक्टरीणबाई शिकलेली, तिनंही आधी हिलेच टेबलावर घेतलं. नळ्यांत औषध सोडून फोटो काढला. ही ओरडली तर नर्स म्हणे, "इतने में रोती है, बच्चा कैसे जनेगी?"

मग डॉक्टरीणबाईनं मले एक शिशी दिली. "आपकी भी जाँच होगी." माझी? मिशीवाल्या मर्दाची? शिशी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी पाळीतल्या दोस्ताले दिली. कॅम्प-१ मध्ये राहायचा, चार लेकरांचा बाप. तो हसला, "माल माझा, नाव तुझं? बरं, भजे खाऊ घाल." रिपोर्ट आला, नवऱ्यात काही खोट नाही. मायनं पेढे वाटले. पेढे!

त्या कागदाच्या भरवशावर पुढची सात वर्षं हिचं अंग फाडलं. कंबरेखाली इतक्या सुया की एका अंगावर बसायची. गोळ्यांनं तोंड सुजलं. दोनदा पिशवी खरडली, एकदा पोट चिरलं. पाळी आली की संडासात नळ सोडून रडायची. बाहेर येऊन मलेच म्हणे, "माफ करा जी. माझ्यापायी तुमचं घर रिकामं." मी मान हलवायचो. मोठा दिलदार ना मी!

पोट चिरल्यावर मात्र मी गुपचूप रायपूरले जाऊन स्वतःले तपासून घेतलं. खोट माझीच. कागद फाडून नाल्यात टाकला अन् घरी येऊन म्हटलं, "आता दवाखाना पुरे." तिनं माझे पाय धरले. माझ्यासारखा देवमाणूस कोणाले भेटते, म्हणे.

शेजारच्या बायांले डोहाळजेवणात हिच्या पुरणपोळ्या पाहिजेत, ओटी भरायले हिचा हात नको. त्याच बाया त्या सकाळी हिरवं लुगडं अन् नारळ घेऊन आल्या. सवाष्ण गेली म्हणून हिची ओटी भरायले! एक म्हातारी म्हणाली, "पोट नाही पिकलं बिचारीचं, पण कुंकू घेऊन गेली."

मी उठलो. "थांबा. खोट माझ्यात होती. तपासाले शिशी मी दुसऱ्याची दिली होती."

बाया एकमेकींकडे पाहायले लागल्या. "भाऊजी, दुःखानं डोकं फिरलं तुमचं. बसा. पाणी द्या वो यांले." अन् म्हातारी हलक्या आवाजात दुसरीले म्हणाली, "पाहा, मेल्यावरही बायकोचा दोष आपल्या अंगावर घेऊन राहिला."

मी सायकल काढली अन् कॅम्प-१ गाठलं. दोस्त दारात दात घासत होता. म्हटलं, "चूळ भर अन् चल. त्या बायांसमोर सांग, शिशी कोणाची होती."