गुणवंताभाऊंचा मुका बोलपट

सेलूच्या स्टँडवर वर्ध्याची एसटी लागली होती. मी चढणार तेवढ्यात ओळखीचा कंडक्टर खाली उतरून जवळ आला आणि म्हणाला, "गुरुजी, गुणवंताभाऊ गेले." पायरीवर पाय ठेवता ठेवता मी विचारलं, "कुठं? आर्वीला?" त्याने डोक्यावरची टोपी काढली... तेव्हा कुठे मला कळलं. पण माझं तरी काय चुकलं? गुणवंत ढोक हा माणूस गेली दहा-बारा वर्षं कुठे ना कुठे गेलेलाच असायचा. मांडीवर रिळांचे डबे, पायाशी प्रोजेक्टरची पेटी, आज देवळी तर उद्या नाचणगाव. त्यांना जाऊन आता महिना होत आला, तरी मला ते गाडीतच कुठेतरी बसलेले दिसतात, शेजारच्याला हसवत.

मी मूळचा साताऱ्याकडचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सेलूच्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून आलो. गुणवंताभाऊंची कापसाची शेती होती आणि वेचणी उरकली की गावच्या नाटकात ते विनोदी काम करायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पाहुण्याच्या कामात. घरात पाहुणा येतो आणि बसायला जागा शोधतो, एवढाच प्रसंग. खाटेवर बसावं तर खाट कुरकुरते, पाटावर बसावं तर पाट हलतो. दहा मिनिटं हा माणूस एक अक्षर न बोलता नुसता बसायचा प्रयत्न करत होता आणि माझ्या शेजारचे मुख्याध्यापक डोळे पुसत होते.

पुढे नागपुरात त्यांचं काम एका सिनेमावाल्याने पाहिलं आणि त्यांना मुंबईला नेलं. सगळं गाव स्टँडवर पोचवायला आलं होतं. आठ महिन्यांनी ते परतले तेव्हा मात्र कुणाला न सांगता, शेताच्या बाजूने. तीन चित्रपटांत तीन घरगडी केले होते, तिघेही सारखेच. मी विचारलं, "काय झालं हो भाऊ?" ते म्हणाले, "काई नाई गुरुजी. मी 'मले' म्हटलं का तिथले लोक हासत. 'काऊन' म्हटलं का पुन्हा हासत. माह्या बोलीले हासून राह्यले होते, माह्या गमतीले नाई." त्यांच्या चेहऱ्यावर हसू नाही, असं मी तेवढं एकदाच पाहिलं.

पंधरा दिवसांनी ते शाळेत आले आणि दारातूनच म्हणाले, "सिनेमा काढून राह्यलो. त्यात सगळे आपल्यावानी बोलतीन. एकच साहेब तुमच्यावानी बोलन, अन् लोक त्याले हासतीन." मी विचारलं, "साहेब कोण?" ते म्हणाले, "तुमीच ना!"

मला राग आला. चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी निबंधाच्या वह्या तपासताना एका मुलाच्या 'मले'खाली मी लाल रेघ ओढली, वर 'मला' लिहायला घेतलं, आणि हात थांबला. असे किती 'मले' मी आजवर खोडले असतील? संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "साहेबाला टोपी लागेल का?"

वर्ध्याचा एक फोटोग्राफर लग्नाचं चित्रण करायचा, त्याचा कॅमेरा. शूटिंग रविवारी, मला सुट्टी म्हणून. मी जमीन मोजायला आलेला साहेब, गुणवंताभाऊ गावचे कोतवाल. साहेबाला गावाचं कळत नाही, गावाला साहेबाचं कळत नाही, आणि कोतवाल दोघांनाही एकमेकांचं उलटंच सांगतो. बाईच्या कामाला कुणी तयार होईना, म्हणून त्यांच्या पत्नी सुशीलावहिनी उभ्या राहिल्या, पण एका अटीवर: "तोंडाले पदर लावूनच करीन." साहेब प्यायला पाणी मागतो तेव्हा त्या विचारतात, "गंज आणू काय?" इकडे गंज म्हणजे पातेलं. साहेब घाबरून म्हणतो, "नको, गंज नको, स्वच्छ पाणी हवं." हा प्रसंग माझ्यावरच घडला होता, सेलूत आलो त्याच दिवशी. गुणवंताभाऊंनी तो जपून ठेवला होता!

कॅमेऱ्यात आवाज येत नव्हता, म्हणून तो आम्ही शाळेच्या टेपरेकॉर्डरवर वेगळा घेतला. पहिला खेळ कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या गोदामात, भर दुपारी, दारांना ताडपत्र्या लावून. अर्धं गाव आत. पण टेप आपल्याच चालीने चालली. पडद्यावर बैल मान हलवत होता आणि आवाज माझा येत होता. लोक हसले, मग शिट्ट्या सुरू झाल्या आणि टेप घरघरून बंदच पडली. पडद्यावर माणसं नुसती तोंडं हलवताहेत... मला वाटलं, संपलं. मुंबईहून आलेला माणूस आता गावातूनही उठणार.

गुणवंताभाऊ उठले, पण पडद्याकडे गेले. बाजूला उभे राहून सगळ्यांचं बोलू लागले. कोतवालाचं, पाटलाचं, बैलाचंसुद्धा. आणि माझं! माझा आवाज, माझं ते नाकात बोलणं... मी एवढा नाकात बोलतो हे मला त्या दिवशी कळलं. मग वहिनींचा प्रसंग आला आणि बोलून बोलून भाऊंचा घसाच बसला. तोंड उघडलं, आवाज नाही. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून खणखणीत आवाज आला, "गंज आणू काय?" सुशीलावहिनी उभ्या होत्या, पदर डोक्यावरून खाली घसरलेला. मी मागून ओरडलो, "नको, गंज नको!" गोदामात जो हशा उसळला, तो बाहेर कापसाच्या गाड्यांपर्यंत ऐकू गेला म्हणतात.

तेव्हापासून भाऊ आणि वहिनी सिनेमा घेऊन गावोगाव गेले. प्रत्येक गावात संवाद नवे. नाचणगावात कोतवाल तिथल्या विहिरीबद्दल बोलायचा, देवळीत तिथल्या बाजाराबद्दल. एकदा नागपूरचे कुणी सिनेमात नीट आवाज भरून द्यायला तयार झाले, तर भाऊ म्हणाले, "मंग मी कायले जाऊ?" पुढे व्हिडिओ आला, गर्दी पातळ झाली. पण जिथे बोलावणं येई तिथे ते जातच राहिले.

गेल्या आठवड्यात वहिनींनी निरोप पाठवला, "या गुरुजी, सिनेमा पाहू." दुपारी खिडक्यांना चादरी लावल्या, भिंतीवर खेळ सुरू केला. वहिनी खुर्चीत बसून सगळ्यांचं बोलत होत्या. माझं मी बोललो. कोतवाल आला की मात्र दोघंही गप्प. त्यांच्या जागी बोलायला कुणाचा आवाज लावणार? भिंतीवर गुणवंताभाऊ ओठ हलवत, हात नाचवत, साहेबाला काहीतरी भलतंच समजावत होते. आणि काय सांगू, एक शब्द ऐकू येत नसताना आम्ही हसत सुटलो. वहिनींना तर ठसका लागला.

रीळ संपलं, भिंत पांढरी झाली. वहिनींनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "गुरुजी, पुन्हा लावा."

मी रीळ उलटं फिरवायला घेतलं.