हाक न मारणारी बाई

"व्हय, केलं. पुढं?" असं म्हणून ती हनुवटी जराशी वर उचलायची आणि समोरच्याकडं बघत राहायची. दारू पिऊन बायकांच्या अंगावर रेलणाऱ्या एका पुढाऱ्याच्या भाच्याला तिनं एसटीतून भर रस्त्यात उतरवलं होतं. डेपोच्या साहेबांनी बोलावून जाब विचारला, तेव्हाही तिचं उत्तर हेच. पुढं काय करायचं ते साहेबांनाच सुचलं नाही.

ती कंडक्टर, मूळची कुंडलची. नवरा आजारानं लवकर गेला. एकुलता मुलगा तिनं एकटीनं वाढवला, तो आता फौजेत आहे. इस्लामपुरात मी औषधांचं दुकान चालवतो आणि हौशी नाटकांत कामं करतो. एका संध्याकाळी आमच्या तालमीला ती खाकी गणवेशातच आली आणि दारातून म्हणाली, "नाटकात बाई लागती का?"

लागत होतीच. नाटक खुनाचं होतं. एका बागायतदाराच्या बायकोचा ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरवर जीव जडतो. ड्रायव्हर विहिरीवरची फळी सैल करून ठेवतो. बायकोला ते ठाऊक असतं. नवरा त्याच फळीवरून मोटर चालू करायला निघतो आणि ती हाक मारत नाही. शेवटी फौजदार तिला विचारतो, "हाक का नाही मारली?" ती रडत कोसळते, माफी मागते आणि पडदा पडतो. फौजदार मी होतो.

तालमीत ती कोसळायची, पण रडू काही येत नव्हतं.

"सर, ही बाई रडायची न्हाई," ती आमच्या दिग्दर्शकांना म्हणाली. "तिला तो गडी हवा होता. ते बी खरं, आन नवऱ्याला मरू दिलं ते बी खरं."

"मग लोक तिला माफ कसं करतील?"

"माफ कशाला करायचं? बघू दे की नुसतं."

सर ऐकेनात. रडायचं म्हणजे रडायचं.

त्यातच मुलगा सुट्टीवर आला. कुणीतरी त्याचे कान भरले असणार. तो तालमीत येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, घरी चल. परपुरुषामागं लागलेली बाई तू करणार? गावात तोंड दाखवायला जागा राहील का?"

मला वाटलं, आता ही भडकणार. तिनं शांतपणे त्याला जवळ बसवलं.

"तुझा बाप गेला तवा मी तिशी बी गाठली नव्हती. मला कवा काय वाटलंच न्हाई, आसं वाटतं तुला? वाटलं. लय वाटलं. मी काय वाईट केलं न्हाई, पण ती बाई मला कळती रं."

पोरगं खाली मान घालून निघून गेलं. आम्ही सगळे उगाच खुर्च्या सरकवत राहिलो. अशा वेळी माणसाला हातांचं काय करावं कळत नाही, तुमचाही अनुभव असेल.

स्पर्धा सांगलीला होती, दुपारचा प्रयोग. पहिल्या अंकातच नाट्यगृह तिच्या मुठीत आलं. ड्रायव्हरला पाण्याचा तांब्या देताना तिची नुसती बोटं थबकली, तरी पुढच्या रांगेतल्या बायका सावरून बसल्या.

शेवटचा प्रवेश आला. मी विचारलं, "हाक का नाही मारली?"

ती रडली नाही. पदर नीट केला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "ओठावर आली हुती, साहेब. मग त्याचा चेहरा आठवला."

कुणाचा, ते तिनं सांगितलंच नाही. हे वाक्य संहितेत नव्हतं, त्यामुळं माझं पुढचं वाक्य राहूनच गेलं. तिनं चपला पायात सरकवल्या आणि तीच आधी विंगेत उभ्या मानलेल्या पोलीस जीपच्या दिशेनं निघाली. गुन्हेगार रुबाबात पुढं आणि फौजदार बेड्या सांभाळत मागं!

पडदा पडला. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. लोक उभे राहिले. विंगेत सरांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग तिला कोपरापासून नमस्कार केला. अभिनयाचं पहिलं बक्षीस तिलाच मिळालं.

मुलगा शेवटच्या रांगेत बसला होता, हे आम्हाला नंतर कळलं. रंगपटात येऊन तो अवघडून उभा राहिला.

"आई, मला भ्या वाटलं तुझं."

"वाटू दे की," ती म्हणाली आणि दोघंही हसत सुटले. तिची पिशवी त्यानं खांद्यावर घेतली.

यंदा तिनं नोकरी सोडली. मुलाला कुटुंबासाठी क्वार्टर मिळालं, तिकडं उत्तरेला गेली. आमच्या तालमी आता जरा सपक होतात. परवा तिचा फोन आला. मागं बायकांचा गलका चालला होता. तिथल्या जवानांच्या बायकांना जमवून तिनं तेच नाटक हिंदीत बसवायला घेतलंय.

"काय दंगा चाललाय?" मी विचारलं.

"आवं, भांडणं लागल्यात," ती ओरडून म्हणाली. "समद्यांना खुनी बाईच करायची हाय!"