पाटी उतरवली त्याचा दुसरा दिवस

गेल्या गुरुवारी चिंचवडच्या आमच्या छोट्या सहकारी बँकेसमोर सकाळी नऊलाच रांग लागली. गुरुवार म्हणजे इकडच्या कारखान्यांची सुट्टी, त्यामुळे गर्दी नेहमीचीच. पण त्या दिवशी भरणा करायला कुणीच आलं नव्हतं... सगळे पैसे काढायला आले होते.

झालं होतं एवढंच, की आमची बँक पुण्याच्या एका मोठ्या बँकेत विलीन झाली. नवं नाव घालायला बुधवारी जुनी पाटी उतरवली. भोसरीच्या वर्कशॉपमधल्या कुणीतरी रिकामी भिंत पाहिली, आणि बँक बुडाल्याची बातमी सकाळपर्यंत सगळीकडे...

मी काउंटरवर होते. तिजोरीतली कॅश दुपारपर्यंतही पुरली नसती. मोठ्या बँकेची गाडी पुण्याहून निघाली होती, पण ती पोचण्याआधी एकालाही परत पाठवावं लागलं असतं, तर बँक खरंच बसली असती.

मोठ्या बँकेकडून आलेले नवे साहेब म्हणाले, "दार लावून घ्या." मी बाहेर डोकावले, तर रांगेत दगडू पेंटर. हातात पासबुक.

"अहो पेंटर, पाटी तर तुमच्याच घरी आहे ना?"

"व्हय बाई, रंगवायला घेतलीया. पण एवढी मानसं उभी हायत म्हटल्यावर... जीव ऱ्हाईना."

मला राग यायला हवा होता. आला नाही...

साहेबांना म्हटलं, दार उघडंच असू द्या. पेंटरना म्हटलं, पाटी राहू द्या, नवं नाव आत्ता भिंतीवरच लिहा. त्यांनी शिडी लावली. आम्ही आत पैसे देत होतो आणि रांग वर बघत होती.

"नीट लिही राव," खालून कुणीतरी म्हणालं. "ह्या बारीला पुसू नको." बरेच जण हसले.

नाव लांबलचक होतं. अर्धं व्हायच्या आत गाडी आली, पेट्या सगळ्यांदेखत आत गेल्या. मग रांग हळूहळू विरळ झाली...

विलीन झालो नसतो तर ही अफवा उठली नसती. आणि अफवा उठल्यावर गाडी आली, तीही विलीन झालो म्हणूनच. दोन्ही खरं आहे.

एक सांगायचं राहिलं. सकाळी रांग पाहून मीही पैसे काढायची एक स्लिप भरली होती, माझ्याच नावाची... ती पुढे करायला वेळच मिळाला नाही, याबद्दल मी त्या गर्दीची ऋणी आहे.